नावापुढची तीन अक्षरे आणि तीस वर्षांची प्रतीक्षा

नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. तेथे ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मात्र ‘बी.सी.एल.’ ही तीन अक्षरे नावापुढे लावण्याचा अधिकार त्यांना मिळाला तो १९२२ साली. तीस वर्षे परीक्षा त्यांची होती, पदवी नव्हती.

आधी त्या अक्षरांविषयी. बी.सी.एल. म्हणजे ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’. यातील ‘सिव्हिल लॉ’ म्हणजे आपला दिवाणी कायदा नव्हे, तर मुळात रोमन कायदा. मध्ययुगीन विद्यापीठांत रोमन कायदा आणि चर्चचा कायदा असे दोन कायदे शिकवले जात. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत चर्चच्या कायद्याचे अध्यापन इंग्लंडमध्ये बंद पडले. ऑक्सफर्डच्या पदवीच्या नावात ‘सिव्हिल’ राहिले. केंब्रिजमध्ये मात्र ‘एलएल.बी.’ रूढ झाले. लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवण्यासाठी आद्याक्षर दुप्पट करण्याची रीत होती. ‘लेगुम’ म्हणजे ‘कायद्यांचा’, म्हणून दोन ‘एल’. हे दोन ‘एल’ मिळून एकच शब्द होतो, त्यामुळे त्यांच्यामध्ये टिंब येत नाही. मराठी पाट्यांवर सर्रास दिसणारे ‘एल.एल.बी.’ या हिशेबाने चुकीचेच. पण त्या टिंबापायी आजवर कोणी खटला हरल्याचे ऐकिवात नाही.

विषय एक, विद्यापीठे दोन, अक्षरे निराळी. ही विसंगती कायद्यापुरती नाही. ऑक्सफर्डने १९१७ साली संशोधनाची पदवी सुरू केली, तिला ‘डी.फिल.’ म्हटले, केंब्रिजने दोन वर्षांनी तशीच पदवी आणली, ती ‘पीएच.डी.’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढे कोलंबियाची ‘पीएच.डी.’ आणि लंडनची ‘डी.एस्सी.’ अशा दोन्ही दिसतात. दुसरीत ‘सायन्स’ आहे, पण १९२३ सालच्या त्या पदवीचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता, कारण लंडन विद्यापीठ अर्थशास्त्राला विज्ञानाच्या पदव्या देत असे.

असे भेद परंपरेतून आले, त्यांमागे कोणाचा डाव नव्हता. स्त्रियांच्या बाबतीत मात्र नावांचा हा खेळ जाणूनबुजून खेळला गेला. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने १८७७ साली स्त्रियांसाठी ‘एल.एल.ए.’ काढली, म्हणजे ‘लेडी लिटरेट इन आर्ट्स’. (येथे दोन ‘एल’ हे दोन स्वतंत्र शब्द, त्यामुळे टिंब हवेच.) दर्जा एम.ए.च्या तोडीचा ठरवलेला. नाव तेवढे वेगळे, जेणेकरून ‘एम.ए.’ ही अक्षरे पुरुषांकडेच राहावीत. केंब्रिजने तर १९२१ पासून स्त्रियांना पदवीचे केवळ नाव देऊ केले. त्या ‘बी.ए.’ लिहू शकत. पण त्या पदवीसोबत पुरुषांना मिळणारे विद्यापीठाच्या कारभारातील अधिकार त्यांना नव्हते. ही नामधारी व्यवस्था १९४८ पर्यंत टिकली.

सोराबजींची वाट याहून खडतर होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. विलायतेच्या शिष्यवृत्तीस पात्र ठरतील असे त्यांचे गुण होते, पण स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. मग फ्लॉरेन्स नाइटिंगेल आदी हितचिंतकांच्या वर्गणीतून १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल येथे दाखल झाल्या. बी.सी.एल.ला पुरुषांसोबत बसण्यासाठीदेखील विद्यापीठाला विशेष ठराव करावा लागला. परीक्षेला बसू देणे आणि पदवी देणे या ऑक्सफर्डच्या लेखी दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

परत आल्यावर त्यांनी १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली. लंडनच्या धर्तीवर १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने ‘बी.सी.एल.’ नव्हे, ‘एलएल.बी.’ हेच नाव घेतले होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या नावापुढे शोभणारी ती हीच पदवी. पुढे १८९९ साली त्यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. तरीही न्यायालयाचे दार उघडले नाही. दरम्यानच्या वर्षांत त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या प्रकरणांत सरकारच्या सल्लागार म्हणून काम केले. कायदा त्यांचा, युक्तिवाद मात्र न्यायालयात दुसऱ्याने करायचा.

ऑक्सफर्डने १९२० साली स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या आणि दोन वर्षांनी सोराबजींना त्यांची बी.सी.एल. मिळाली. १९२३ साली हिंदुस्थानात कायदा होऊन स्त्रियांना वकिली करण्यावरील बंदी उठली. १९२४ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या.