एपिडर्मोलायसिस बुलोसा

किरकोळ घर्षणानेही त्वचेवर व श्लेष्मल त्वचेवर फोड येणारा दुर्मिळ आनुवंशिक विकारसमूह. संसर्गजन्य नाही. नाव हाइनरिख केब्नर यांनी १८८६ मध्ये दिले. त्वचा कोणत्या पातळीवर सुटते त्यावरून चार प्रकार मानतात: बाह्यत्वचेतच सुटली तर सिम्प्लेक्स, बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांना जोडणाऱ्या पटलात सुटली तर जंक्शनल, आणि सातव्या प्रकारच्या कोलॅजनचे तंतू सदोष असल्याने पटलाखाली सुटली तर डिस्ट्रॉफिक. किंडलर प्रकारात पातळ्या मिश्र असतात.

निदानाचा भर या पातळीवरच हवा, कारण डोळ्यांना दिसणारी तीव्रता फसवी असते. तीव्र सिम्प्लेक्समध्ये नवजात बाळ अंगभर फोडांनी भरलेले असते, पण जगले-वाचले तर वाढत्या वयात फोड बहुधा कमी होतात. उलट, तीव्र जंक्शनलमध्ये सुरुवातीला फोड मोजकेही असू शकतात. रडणे घोगरे होते तेव्हा स्वरयंत्र बाधित झाल्याचा संशय घ्यावा लागतो, आणि यातली बहुतेक बाळे दोन वर्षांच्या आत दगावतात. तपासणीसाठी जुन्या फोडाचा तुकडा उपयोगाचा नाही. त्याच्या तळाशी नवी त्वचा धरू लागलेली असते आणि पातळी चुकीची दिसते. म्हणून वरवर चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर पेन्सिलीचे खोडरबर दाबून फिरवतात व नुकत्याच सुटलेल्या कडेचा तुकडा घेतात. साध्या सूक्ष्मदर्शकाने भागत नाही; इम्युनोफ्लुओरेसन्स मॅपिंग लागते. जनुकतपासणी त्याला पूरक. तिच्यामुळे तुकड्याची गरज संपली असे काही जण मानतात. पण तिचा निकाल यायला वेळ लागतो, कधी संदिग्धही येतो, आणि बाळाच्या बाबतीत दिवस मोलाचे असतात.

उपचार शेवटी मलमपट्टीचाच, मग प्रकाराचा एवढा काथ्याकूट कशाला, हा आक्षेप निम्मा खरा आहे. फोड सखल बाजूला निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढायचे, वरचे कातडे तसेच ठेवायचे, वर न चिकटणारी सिलिकॉनची पट्टी लावायची. चिकटपट्टी वर्ज्य, बाळाला काखेत धरून उचलणेही वर्ज्य. हे सर्व प्रकारांत सारखेच. मात्र तीव्र अप्रभावी (रिसेसिव्ह) डिस्ट्रॉफिकमध्ये बोटे जुळत जातात, अन्ननलिका अरुंद होते आणि तरुणपणीच त्वचेचा कर्करोग होतो. तिथे प्रत्येक न भरणाऱ्या जखमेकडे संशयाने पाहावे लागते. नवे उपचारही जनुक बघूनच ठरतात. २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे जंक्शनल प्रकाराच्या सात वर्षांच्या मुलाच्या सुमारे ८० टक्के त्वचेच्या जागी, त्याच्याच पेशींतील जनुक दुरुस्त करून वाढवलेली त्वचा बसवली गेली. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले जनुकवाहक जेल फक्त डिस्ट्रॉफिकला लागू पडते.

आनुवंशिक सल्ला: अप्रभावी प्रकारात आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी धोका २५ टक्के. मामेबहीण-आतेभाऊ विवाहाची चाल असलेल्या घराण्यांत दोघेही वाहक आहेत का, हे आवर्जून विचारावे. सिम्प्लेक्स बहुधा प्रभावी असतो.