उचललेली चाल

एखादे गाणे कुणी नुसते ऐकून शिकले, तर आपण म्हणतो, त्याने चाल उचलली. चाल चोरली तरी क्रियापद तेच. हिप-हॉपच्या पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डची कथा या दोन अर्थांच्या मधोमध उभी आहे.

जून १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘शीक’ या बँडचे ‘गुड टाइम्स’ बाजारात आले आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिले ठरले. बर्नार्ड एडवर्ड्स यांनी त्यात वाजवलेली बेस गिटारची ओळ ऐकायला सोपी आहे. खर्जातला एकच स्वर तीन ठोक्यांवर तीनदा, मग क्षणभर काहीच नाही, मग ठोक्यांच्या मधून वाट काढत वर सरकणारे स्वर. बोटांना हे स्वर लवकर सापडतात. कानाला कळायला वेळ लागतो तो त्या रिकाम्या जागेचा. तिथे जराशी घाई झाली, तर स्वर बरोबर असूनही पाय थिरकत नाहीत.

ब्राँक्समध्ये १९७३ पासून डीजे कूल हर्क आणि त्याच्यामागून आलेले डीजे दोन रेकॉर्डप्लेअरवर गाण्याचा आवडता तुकडा लांबवत असत. त्यावर बोलणारे बोलत. तिथे वादकाची गरज नव्हती. स्टुडिओत मात्र होती, कारण आवाजाचा तुकडा उचलून फिरवत ठेवणारे सॅम्पलर तेव्हा हिप-हॉपवाल्यांच्या हाती आलेले नव्हते. सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी न्यू जर्सीत ‘शुगरहिल गँग’कडून ‘रॅपर्स डिलाइट’ करून घेतले, तेव्हा एडवर्ड्स यांची ओळ माणसाकडूनच वाजवून घ्यावी लागली. सप्टेंबर १९७९ मध्ये आलेली मूळ लांब आवृत्ती चौदा मिनिटांहून मोठी आहे. एवढा वेळ तीच ओळ, न चुकता, न कंटाळता.

नाइल रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी कायद्याचा धाक दाखवला आणि गीतकार-संगीतकार म्हणून त्यांची नावे त्या गाण्यावर आली. ते न्याय्यच झाले. पण ती ओळ स्टुडिओत वाजवली कुणी? चिप शिअरिन यांनी सांगितले आहे की तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि त्यांना सत्तर डॉलर मिळाले. ‘पॉझिटिव्ह फोर्स’ या बँडच्या वादकांचेही नाव घेतले जाते. एकमत नाही. ओळीचा मालक ठरला, ती उचलणारा कान मात्र वादातच राहिला.

‘क्वीन’चे जॉन डिकन ‘शीक’च्या स्टुडिओत जाऊन आले होते. १९८० च्या त्यांच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मध्येही सुरुवातीला तेच तीन ठोके ऐकू येतात, पण पुढची वाट त्यांची स्वतःची आहे. १९८१ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी आपल्या एका रेकॉर्डमध्ये ही दोन्ही गाणी हाताने फिरवून जोडली आणि नाते सगळ्यांना ऐकू आले.

कायद्याला स्वर आणि सह्या समजतात. नक्कल करता करता शिकणे आणि शिकता शिकता नवे करणे यांतली सीमा त्याला सहज दिसत नाही. आपल्याकडे गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो; ऋण फेडायची नसली तरी मान्य करायची ती एक रीत आहे.

एडवर्ड्स एप्रिल १९९६ मध्ये तोक्योत, बुदोकानमधल्या मैफलीनंतर वारले. ही ओळ आज शिकणाऱ्याने दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐकाव्यात: आधी ज्याने ती रचली त्याची, मग ज्याने ती चौदा मिनिटे पेलली त्याची.