खडूची धूळ आणि शेजारचे मेजर

शेजारच्या प्लॉटवर काय येणार आहे, हे आपल्याला आधी कुणी सांगायला हवं की नको? इंग्लंडमध्ये या प्रश्नावरून प्रकरण पार कोर्टात गेलं होतं. आणि शेजारी हरला.

तिथे १९४७ चा नगररचना कायदा आला आणि ठरलं की जमीन स्वतःची असली तरी बांधायला, खणायला परवानगी लागेल. एकाने अर्ज करायचा, सरकारी यंत्रणेने तो तपासायचा. पण कुंपणापलीकडच्या माणसाला कळवा, असं बंधन नव्हतं. १९५९ मध्ये थोडी सुधारणा झाली. सार्वजनिक शौचालय, कत्तलखाना असलं काही येणार असेल तर स्थानिक पेपरात जाहिरात द्यायची. या बांधकामांना नाव काय पडलं, माहितीये? 'वाईट शेजारी'! बाकीच्या अर्जांची खबर लागली तर लागली.

आता मूळ गोष्ट. एसेक्समध्ये सॅफ्रन वॉल्डनजवळ एका कंपनीला खडूची खाण काढायची होती. खडू म्हणजे फळ्यावरची कांडी नाही हं, जमिनीतला मऊ पांढरा चुनखडक. स्थानिक यंत्रणेने नकार दिला, कंपनी अपिलात गेली, चौकशी बसली. लगतचे जमीनमालक मेजर बक्स्टन आणि इतर काही जण तिथे जाऊन सांगत होते की धूळ उडेल, पिकं आणि जनावरं धोक्यात येतील. चौकशी अधिकाऱ्याला ते पटलं. परवानगी देऊ नका, अशी शिफारस त्याने केली.

मंत्र्यांनी तरीही परवानगी दिली! चौकशी संपल्यावर कृषी खात्याच्या तज्ज्ञांचं मत घेतलं गेलं होतं. ते शेजाऱ्यांसमोर आलंच नाही, मग खोडून काढणार कसं?

मेजर कोर्टात गेले. १९६० मध्ये न्यायमूर्ती सॅमन यांच्या निकालाचा मथितार्थ असा होता: हा कायदा एकूण जनतेच्या भल्यासाठी आहे, एकेका शेजाऱ्याला नवे हक्क द्यायला नाही. त्यामुळे मेजर कायद्याच्या भाषेतली 'व्यथित व्यक्ती' ठरत नाहीत. म्हणजे धूळ तुमच्या नाकात, पण तुम्ही तिऱ्हाईत! मला विचाराल तर निकाल कायद्याच्या अक्षराला धरूनच होता, आणि म्हणूनच तो जास्त बोचतो.

बोभाटा मात्र मोठा झाला. १९६२ च्या नियमांत आलं की चौकशीनंतर नवा पुरावा घेऊन मंत्र्यांना शिफारस फिरवायची असेल, तर आधी पक्षकारांना कळवावं लागेल. सगळ्या अर्जांची खबर देण्याची सक्ती व्हायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. जागेवर सूचना लावा, नाहीतर लगतच्या लोकांना पत्र पाठवा, आणि म्हणणं मांडायला २१ दिवस द्या.

आपल्याकडे असाच प्रश्न उडुपीत आला. नगररचना योजनेतल्या निवासी भागात नगरपालिकेने सिनेमा थिएटरला मंजुरी दिली. एक रहिवासी भांडत राहिला. हायकोर्ट म्हणालं, मंजुरी योजनेविरुद्ध आहे, पण मालकाचा पैसा खर्च झालाय, आता राहू द्या. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही. बेकायदा थिएटरमुळे तिथे राहणाऱ्यांच्या हक्कांना धक्का लागतो, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं.

महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यातलं कलम ३७ बघा. विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर राजपत्रात सूचना द्यायची, ज्यांना झळ बसेल त्यांना नोटीस पाठवायची आणि हरकतींसाठी एक महिना द्यायचा.