बऱ्हाणपूरचे कापड आणि घरची गोधडी

बऱ्हाणपूरच्या वस्त्रांची कीर्ती परकीयांनीही नोंदवून ठेवली आहे. सतराव्या शतकात येथे आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान व पोलंडपर्यंत जात असल्याचे सांगतो. मात्र ही हकीकत नव्या कापडाची. ते विरल्यानंतरचा इतिहास घराघरांत घडला.

उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले. येथे स्थिरावलेल्या मराठी घरांत जुनेर टाकून देण्याची रीत नव्हती. विरलेली लुगडी व धोतरे धुऊन एकावर एक अंथरावीत, वर रंगसंगती साधून ठिगळे मांडावीत, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावे आणि शेवटी लुगड्याच्या टिकाऊ काठाचा गोट लावावा, अशी गोधडी सिद्ध होई.

आपल्या जुन्या दप्तरांत सनदा व खरेदीखते सापडतात. घरच्या स्त्रियांची नावे त्यांत क्वचितच आढळतात. त्यांची खूण गोधडीत आहे, परंतु ती ओळखणारी माणसे थोडीच उरली आहेत. यास्तव फडताळातील गोधडी मोडीत काढण्यापूर्वी कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, एवढे तरी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे.