हार्वे मिल्क
हार्वे मिल्क (२२ मे १९३० – २७ नोव्हेंबर १९७८) हे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्यवेक्षक मंडळाचे, म्हणजे तेथील नगरसभेचे, सदस्य व समलिंगी हक्कांचे पुरस्कर्ते होते. कॅस्ट्रो भागात ते कॅमेऱ्यांचे दुकान चालवीत. १९७३ मध्ये पराभूत झाल्यावर त्यांनी परिसरातील व्यापाऱ्यांना संघटित केले व १९७४ मध्ये कॅस्ट्रो मार्गावर जत्रा सुरू केली. १९७५ मध्ये ६ जागांसाठी ते सातवे आले. १९७६ मध्ये राज्य विधानसभेची पक्षांतर्गत निवडणूक ४,००० पेक्षा कमी मतांनी हरले. तोवर पर्यवेक्षक संपूर्ण शहरातून निवडले जात. नोव्हेंबर १९७६ मध्ये मतदारांनी प्रभागपद्धत स्वीकारली. मिल्क तिचे समर्थक होते आणि त्यांच्या यशात तिचा वाटा मोठा मानावा लागतो. १९७७ मध्ये पाचव्या प्रभागातून ते विजयी झाले. पदग्रहणानंतर अकरा महिन्यांच्या आत माजी पर्यवेक्षक डॅन व्हाइट याने महापौर जॉर्ज मॉस्कोनी व मिल्क यांची नगरभवनात हत्या केली.