कामावर परतलेला माणूस

रोगांचा इतिहास सहसा वैद्यांच्या आणि औषधांच्या नावांनी सांगितला जातो. ज्या विकाराला आज बायपोलर किंवा द्विध्रुवी विकार म्हणतात, त्याचा इतिहास मात्र एका साध्या प्रश्नाच्या आधाराने सांगणे अधिक उचित ठरेल. तो प्रश्न असा: आजारी माणूस बरा झाल्यावर पुन्हा आपल्या कामावर गेला काय?

या विकारात माणसाचे मन दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. काही आठवडे झोप नकोशी होते, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा खर्च होतो, अशक्य बेत सहज शक्य वाटतात. पुढे केव्हा तरी तोच माणूस अंथरुणातून उठेनासा होतो, अन्नावरची वासना जाते, जगणे ओझे वाटू लागते. दोहोंच्या मधल्या काळात तो तुमच्याआमच्यासारखाच असतो. म्हणूनच लोक त्याला आजारी न म्हणता कधी उधळ्या म्हणतात, कधी आळशी. आजाराला स्वभावदोष ठरविणे ही या रुग्णाच्या वाट्याला येणारी पहिली आपत्ती होय.

उन्मादाची वर्णने चरकसंहितेतही आहेत. पॅरिसमधील फाल्रे यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत या चक्राकार आजाराचे वर्णन केले, आणि जर्मन वैद्य क्रेपेलिन यांनी १८९९ साली दोन्ही अवस्था एकाच रोगाच्या असल्याचे मांडले. परंतु नाव सापडले म्हणजे उपाय सापडला असे नव्हे. आपल्याकडे १८५८ चा आणि पुढे १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा झाला. त्यांचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर अधिक होता. १८६४ साली नागपूरचे मनोरुग्णालय सुरू झाले. विदर्भातील रुग्णांसाठी पुढे दीर्घकाळ तोच मोठा आधार राहिला. मात्र अशा भिंतींआड गेलेल्या माणसाची शेती भाऊबंद करीत, नोकरी दुसऱ्याला मिळे. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे थट्टेचे शब्द मराठी भाषेत रूढ झाले, यावरूनच समाजाची दृष्टी कळून येते.

औषधाच्या बाबतीत एक पाऊल आपल्याच देशात पडले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग उन्मादावर आणि रक्तदाबावर होतो, असे प्रसिद्ध केले. या मुळीने खवळलेला रुग्ण शांत होई. पण आजाराची पुढची फेरी तिने टळत नसे.

ते काम करणारे द्रव्य ऑस्ट्रेलियात हाती आले. जॉन केड हे मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षे काढली होती. १९४८ च्या मार्चअखेरीस त्यांनी एका ५१ वर्षांच्या गृहस्थास लिथियम या धातूचा क्षार देण्यास प्रारंभ केला. हा गृहस्थ पाच वर्षे अखंड उन्मादावस्थेत होता. जुलै महिन्यात तो घरी गेला, आणि थोड्याच दिवसांत आपल्या जुन्या कामावर आनंदाने रुजू झाला. केड यांचा निबंध १९४९ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. माणूस शांत झाला एवढेच सांगून केड थांबले नाहीत. तो कामावर परतला, हेही त्यांनी आवर्जून नोंदविले.

ही कथा येथे संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु बरे वाटू लागल्यावर त्या गृहस्थाने औषध सोडले, आणि काही महिन्यांतच तो पुन्हा रुग्णालयात आला. औषध पुन्हा सुरू झाले. तथापि १९५० साली लिथियमच्याच विषबाधेने त्याचा अंत झाला. रक्तातील लिथियम मोजण्याची सोय तेव्हा रुग्णालयांत नव्हती. पुढे मेलबर्नच्याच ट्राउटनर यांनी हे प्रमाण मोजून औषध देण्याची पद्धत बसविली. डेन्मार्कचे मोगेन्स शाऊ यांनी १९५४ साली काटेकोर चाचणी घेतली. आणि १९६७ साली बास्ट्रुप व शाऊ यांनी ८८ रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातून दाखवून दिले की, नियमित लिथियमने आजाराच्या फेऱ्याच कमी होतात. अमेरिकेने या औषधाला १९७० मध्ये मान्यता दिली. आज इतरही औषधे आहेत; पण या आजारात आत्महत्येचा धोका कमी करण्याविषयी लिथियमइतका भक्कम पुरावा क्वचितच दुसऱ्या औषधामागे असेल.

त्या एका माणसाच्या आयुष्यात या उपचाराचे सारे शास्त्र आले आहे. औषध माणसाला कामावर परत नेते; बरे वाटले तरी ते सोडावयाचे नसते; आणि रक्त तपासल्यावाचून ते घ्यावयाचे नसते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. अमरावती-अकोल्याकडे कामाची जागा म्हटली की कार्यालय व शाळा यांच्याआधी शेत आणि जिनिंग डोळ्यांसमोर येते. द्विध्रुवी रुग्णाची झोप मोडली की उन्मादाची फेरी सुरू होण्याचा संभव असतो. आणि येथे शेतीपंपाची वीज रात्री आली तर शेतकऱ्याला रात्रीच ओलित करावे लागते. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये रात्रपाळी असते. शिवाय अकोल्याचा वैशाख. घाम फार गेला, पाणी कमी पडले, हगवण लागली, तर रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीला पोहोचू शकते. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही तसेच होते. तेव्हा या रुग्णाला दिवसपाळी देणे, दुपारी सावलीत बसू देणे, पाण्याचा तांब्या जवळ ठेवणे, ही मेहेरबानी नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

मदत दारापर्यंत आली तर लोक ती घेतात, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबविण्यात आला. त्याची पाहणी २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आधी अवघे ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेले. हा उपक्रम मुख्यतः नैराश्यासाठी होता. परंतु द्विध्रुवी विकारही पुष्कळदा नैराश्याच्या रूपानेच प्रथम दारात येतो. अशा वेळी पूर्वीचे ‘उधाणाचे’ दिवस घरच्यांनी डॉक्टरांना अवश्य सांगावेत. कारण केवळ नैराश्याचे औषध दिल्याने काही रुग्णांत उन्माद उसळतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात या विकाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले होते.

कायदाही बदलला आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्यास काढता येत नाही वा खालच्या पदावर आणता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरावयास सांगितले. द्विध्रुवी विकार असलेल्या, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका उमेदवारास दिल्लीच्या न्यायिक सेवेत जागा नाकारली गेली, तेव्हा २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातूनही त्याच्या नेमणुकीचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे आजार असलेला मनुष्य न्यायासनावर बसू शकतो, हे आपल्या न्यायसंस्थेनेच मान्य केले आहे.

मात्र दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्याला नोकरीचे असे संरक्षण नाही. त्याची जागा राखणारा मालक, मुकादम किंवा शेजारीच असतो. वऱ्हाडाला हे नवे नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभे केले, तेव्हा समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांच्या हाती त्यांनी औषधाबरोबर कामही दिले. महारोग्याबाबत जे साधले, ते मनोरुग्णाबाबत का साधू नये?

अनेक कुटुंबे असा आजार मुलीच्या लग्नापायी, नोकरीच्या भीतीने झाकून ठेवतात, आणि केवळ प्रार्थनेवर भार टाकतात. प्रार्थना जरूर करावी. पण मधुमेह्याला प्रार्थना करताना आपण गोळी थांबवावयास सांगत नाही. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारी सल्ला विनामूल्य मिळतो. घरातील कोणी बरा होऊन परत आला, तर त्याची खुर्ची, त्याचे तास, त्याचे वावर त्याच्यासाठी राखून ठेवावे. औषधाचे काम डॉक्टर करतील. जागा राखण्याचे काम आपले आहे.