वर्धेवरील नौकानयनाचा बेत

हिंगणघाटचा कापूस नावेंतून बंगालच्या उपसागरापर्यंत नेण्याचा बेत एके काळीं खरोखर झाला होता, असें सांगितलें कीं आमचे विद्यार्थी हंसतात. चैत्रांतली वर्धा ज्यांनीं पाहिली आहे त्यांनीं हंसावें हें साहजिकच आहे. परंतु बेत करणारे वेडे नव्हते. १८५२ सालीं धवळेश्वरमचें धरण पुरें करणारे आर्थर कॉटनसाहेब यांचा तो आग्रह होता. शिवाय १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळें मँचेस्टरची दृष्टि आमच्या कापसाकडे वळली होती.

नाव पहिल्या सफरीस सज्ज करावयाची म्हणजे डांबर, दोर, वल्हीं आणि खलाशांचा शिधा. काम थोड्या दिवसांचें. येथें मात्र नदीच सज्ज करावयाची होती! गोदावरी, प्राणहिता, वर्धा या वाटेवर खडकांचे तीन मोठे अडसर. समुद्राकडून येतांना पहिला भद्राचलमच्या वर, दुम्मगुडेम येथें. तेथें हेग या लष्करी इंजिनियराच्या देखरेखीखालीं बंधारा झाला, बाजूनें कालवा निघाला, आणि दोन दरवाजांमध्यें पाणी कोंडून नाव वर चढविण्याची सोय झाली. एवढें करूनही वरच्या नद्यांना पुरेसें पाणी पावसाळ्याचे व त्यापुढचे थोडेच महिने; कापूस तर बाजारांत येतो दिवाळीनंतर. आमच्या मतें हा बेत खडकांपेक्षां पंचांगावरच अधिक फुटला.

१८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. १८७१ सालीं नदीचें काम सोडून देण्यांत आलें. पुलगांवच्या पुलावरून गाडी जाऊं लागली कीं आम्ही अजून खिडकींतून खालीं पाहतों.